डावी बाजू वर

नर्मदाने कोणाला पिन लावलेली मी कधी पाहिली नाही. नवरी असो, शाळेच्या गॅदरिंगमधली चिमुरडी असो, नाहीतर गुढीपाडव्याच्या मिरवणुकीत स्कूटर चालवायची हौस आलेली मिश्राजींची सून असो, नर्मदाच्या हातची नऊवारी बिनपिनेची. कोणी पिनांची डबी पुढे केली की ती अशी बघते, जणू तिच्या भाजीत कोणी वरून मीठ टाकायला निघालंय. मग त्या मुलीला चालायला लावते, पाटावर बसायला लावते, वाकून नमस्कार करायला लावते. एवढं करून काष्टा जागचा हलला नाही की म्हणते, "जा आता. नाच काय नाचायचं ते."

मी लतिका. रेल्वेच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेली, लग्न न केलेली, आणि तोंडाने फटकळ. हे शेवटचं लोक म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. जबलपूरच्या विजय नगरात वडलांनी बांधलेलं घर आहे, त्यात वर मी राहते आणि खालच्या दोन खोल्यांत नर्मदा आणि तिची मुलगी समृद्धी, आमची समू. नर्मदाचा नवरा पुंडलिक खमरियाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होता. कावीळ झाली, अंगावर काढली आणि गेला. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा समू शाळेत जाणारी पोर होती, आणि नर्मदाजवळ एक शिलाई मशीन आणि आईने शिकवलेलं नेसवणं, एवढंच होतं. फॉल-पिको करायला तिने सुरुवात केली. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दोन साडीवाल्यांकडून गठ्ठे यायचे. पण नाव झालं ते नेसवण्याचं. नागपूरहून कोणी बाई बोलावण्यापेक्षा आपली नर्मदा बरी, असं करत करत शहरातल्या सगळ्या मराठी लग्नांत ती दिसायला लागली.

एकदा एका लग्नात नवऱ्या मुलीच्या आत्याबाईंनी नाक मुरडलं. विधवेच्या हातून नवरीला नेसवायचं का, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या. मी तिथेच होते, माझ्या जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. पण नर्मदाने निऱ्यांवरची नजर न काढता म्हटलं, "आत्याबाई, नवरा गेला माझा. हात नाही गेले." आणि नवरीला म्हणाली, "श्वास सोड. पोट आत ओढून राहिली तू, जेवताना सुटेल सगळं."

आणखी एक काम ती करते. त्याचा फोन आला की आवाजावरूनच कळतं. "नर्मदाताई, आमची आजी गेली," एवढंच कोणीतरी म्हणतं. जन्मभर लुगड्यात वावरलेली म्हातारी जाते, आणि सुनांना, नातींना नेसवता येत नाही. मग नर्मदा जाते. रडणाऱ्यांना बाहेर काढते, दोन धट्ट्याकट्ट्या बाया मदतीला ठेवते, आणि त्या गेलेल्या बाईशी बोलत बोलत नेसवते. "आजी, जरा कुशीवर व्हा. हं, झालं. बस्स." मी एकदा तिच्याबरोबर गेले होते म्हणून मला ठाऊक. जिवंत नवरीवर खेकसणारी ही बाई मेलेल्या म्हातारीशी इतकं मऊ बोलते की ऐकवत नाही. त्या कामाचे ती काही घेत नाही, त्या घरचं पाणीसुद्धा नाही. घरी येऊन आंघोळ करते आणि अंगणाच्या पायरीवर बसून राहते.

अशीच एकदा बसली होती. मी वरून चहा घेऊन उतरले. ती म्हणाली, "ताई, मी सगळ्यांना नेसवून राहिली. मला कोण नेसवन?"

"काहून? समू आहे नं. तिला शिकवलंस की तू."

"हो. समू आहे," ती म्हणाली आणि चहा प्यायली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच अडलं.

तर या समूने ठरवलं, जपानला जायचं.

पुणं नाही, दिल्ली नाही, एकदम जपान! कार्टून बघता बघता पोरीला त्या भाषेचं वेड लागलं. मग विजय नगरातल्याच एका क्लासला जायला लागली. मराठी बोलताना दर वाक्यात हिंदी घुसडणारी ही मुलगी जपानी मात्र घोटून घोटून शिकली, परीक्षा पास झाली. मोबाइलवर मुलाखत झाली, आणि तिकडच्या कुठल्याशा गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी तिला मिळाली. आनंदाने उड्या मारत ती जिना चढून आधी माझ्याकडे आली. यावरूनच मी ओळखलं की खाली सांगायची हिंमत होत नाहीये.

नर्मदाने आदळआपट केली नाही. ती तशी नाहीच. नको म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. शिलाई मशीनवर बसून राहिली. समू मागे लागली की म्हणायची, "बघू." आई हो म्हणाल्याशिवाय मी कळवणार नाही, हे समूनेही ठरवून टाकलेलं. दोघी एकाच मातीच्या. उत्तर द्यायची मुदत जवळ येत चालली, आणि खालच्या खोल्यांत दोघी एकमेकींशी अगदी गोड बोलायला लागल्या. मला त्या गोडपणाची धास्ती वाटायला लागली.

शेवटी मीच तोंड उघडलं. "अवं, पोरीला काहून टांगून ठेवलं? काय ते एकदा सांगून टाक."

"ताई, ती तिकडे गेली आणि इकडे मी गेली तर विमान मिळून, येऊन... कोणी ठेवत नाही हो तेवढा वेळ. मला चादरीत गुंडाळून नेतील." असं ती म्हणाली, तेही सुईत दोरा ओवता ओवता. मग म्हणाली, "आणि ते लोक कसे आहेत, मला काय माहीत? आधी माणसं पाहीन. मग बोलीन."

आता ती माणसं पाहायला नर्मदा कुठे जाणार होती? पण योग बघा. समूच्या क्लासच्या सरांनीच बातमी आणली. जपानी कलाकारांचं एक पथक देशोदेशी फिरून आपल्या कला दाखवतं, ते भोपाळहून जबलपूरला येणार होतं. चहाचा विधी, शाईने अक्षरं काढायची कला, किमोनो नेसवणं, असा दिवसभराचा कार्यक्रम. आणि जागा कुठली? तर आमच्या मराठी मंडळाचा हॉल! मंडळाचे सेक्रेटरी अण्णा इतके हरखले की त्यांनी पाहुण्यांसाठी नारळ, उपरणी आणि हळदीकुंकवाची करंडी एका दमात आणून ठेवली. मी म्हटलं, "अण्णा, मुंज आहे का?" ते म्हणाले, "लतिका, पाहुणा तो पाहुणा. तू गप्प बस."

किमोनो नेसवायला मदतीला चार-सहा बायका पाहिजे होत्या. नर्मदाने स्वतःहून नाव दिलं. मी समजले, बाई माणसं पाहायला निघाली.

किमोनोचं काम ज्यांच्याकडे होतं त्या हायाशीबाई सत्तरीच्या, अंगाने एवढ्याशा, केस घट्ट बांधलेले. सकाळी कार्यक्रमाआधी त्यांनी आम्हा बायकांना समोर बसवून दाखवलं, आणि समूने मधे उभं राहून सांगितलं. किमोनो म्हणजे मोठा अंगरखाच. दोन बाजू समोर एकमेकींवर घ्यायच्या, वरून दोरी, वरून कमरेला रुंद पट्टा. "बाकी कुछ भी चुकलं तर चालेल," समू म्हणाली, "पण डावी बाजू नेहमी वर. हमेशा." का, ते हायाशीबाईंनी सांगितलं नाही. मंगल प्रसंगी अशा गोष्टी आपणही तोंडातून काढत नाही.

नर्मदाने एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा न विचारता एका मुलीला नेसवून मोकळी झाली. हायाशीबाईंनी मागून फिरून पाहिलं, एका ठिकाणी कापडावर तळहात फिरवला, आणि मान लववली. मग दोघींचं जे जमलं! एकीला दुसरीची भाषा येत नाही, पण ही पट्ट्याची गाठ दाखवतेय, ती हिच्या नऊवारीचा काष्टा चिमटीत धरून बघतेय. हायाशीबाई वाकून मागून निरखायला लागल्या तेव्हा नर्मदा चक्क लाजली. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "बाई चांगली आहे, ताई. कापडाला ओढत नाही. बोलावते."

नर्मदाच्या तोंडून एवढं कौतुक मी पुंडलिकचंही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

दुपारी हॉल खचाखच भरला. निम्मे मराठी, निम्मे हिंदी, आणि समूच्या क्लासची सगळी पोरं. चहाच्या विधीला अण्णांना स्टेजवर बसवलं होतं. तो हिरवा चहा वाडग्यात घुसळून त्यांच्या पुढे आला. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे वाडगा फिरवला, घोट घेतला, आणि काढा गिळावा तसा गिळला. मग "बहोत बढिया" असं म्हणत माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसू आवरेना. नंतर मागच्या मागे त्यांनी दोन कप साधा चहा, साखर जास्त, असा मारला.

माइकवर अनुपम होता. मंडळातला उत्साही कार्यकर्ता, आवाज चांगला, पण माइक हातात आला की याच्या जिभेला कुलूप राहत नाही. प्रत्येक गोष्ट आधी मोबाइलवर शोधून लोकांना सांगत होता.

किमोनोची वेळ आली. बाजूच्या खोलीत नर्मदा आणि बाकीच्या बायका मुलींना तयार करत होत्या. स्टेजवर हायाशीबाई एकेकीच्या पट्ट्याची शेवटची गाठ बांधून दाखवत होत्या. मी दारात उभी होते, तिथून दोन्हीकडचं दिसत होतं. नर्मदाने नेसवलेल्या तीन मुली झकास निघाल्या, डावी बाजू वर, चोख. सगळ्यात शेवटी समू. तिला किमोनोत येऊन जपानीत आभार मानायचे होते. दिवसभर दुभाष्याचं काम करून पोर थकली होती. हात पसरून उभी राहिली आणि डोळे मिटून भाषण घोकायला लागली.

नर्मदाने किमोनो तिच्या खांद्यावर टाकला. निळा होता, त्यावर पांढरी फुलं. टाकल्यावर ती थबकली. पोरीकडे बघत राहिली. मला ते दिसलं, आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं, कारण नर्मदाला कोणी बघितलेलं आवडत नाही. मग तिने नेसवलं. बाकीच्या मुलींना नेसवताना ती डोक्याने नेसवत होती, मनात मोजत, आठवत. समूला नेसवताना डोकं बाजूला राहिलं आणि हात चालले. आणि नर्मदाचे हात, ते तर जन्मभर लुगड्याचे. पदर उजवीकडून निघतो आणि डाव्या खांद्यावर जातो. तिच्या हातांनी किमोनोही तसाच आणला, उजवी बाजू वर घेऊन डावीकडे. खोलीत आरसा नव्हता. समूने खाली पाहिलंच नाही. आईने नेसवलंय म्हटल्यावर बघायचं काय?

समू स्टेजवर गेली. टाळ्या सुरू झाल्या. हायाशीबाई हसत वळल्या, आणि त्यांचं हसू गेलं. पण बाई वाघीण! धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हळूच समूच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या, आपल्या रुंद बाह्या जरा पसरल्या, लोकांना वाकून नमस्कार केला, आणि तशाच आडोशाने तिला मागे न्यायला लागल्या. कोणाला काही कळलंही नसतं.

पण अनुपमच्या हातात मोबाइल होता ना! "अरे, एक मिनट, एक मिनट," तो माइकवर म्हणाला, "दाहिना साइड ऊपर? ये तो मुर्दों को पहनाते हैं, भाई! जपान में लाश को ऐसे पहनाते हैं!"

हॉलमध्ये काही लोक हसले. काही बायकांनी तोंडावर हात घेतला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "माय वं! परदेशी निघालेली पोर, आणि सख्ख्या आईच्या हातून?" मी अनुपमकडे अशी गेले की त्याने माइक आपणहून माझ्या हातात दिला. मी तो बंद केला आणि त्याला म्हटलं, "अक्कल गहाण ठेवून आलास का रे? बस तिकडे." अजूनही तो माझ्या वाटेला जात नाही.

खोलीत गेले तर नर्मदा स्टुलावर बसलेली. तिने सगळं ऐकलं होतं. रडत नव्हती. दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून त्यांच्याकडे बघत होती. समू समोर तशीच उभी, आणि हायाशीबाई दार लावून घेत होत्या.

"झालं," नर्मदा म्हणाली. "जायचं नाही कुठे. माझ्या हातानेच सांगितलं."

"आई, कुछ नहीं होता. गलती से झालं."

"मी किती जणींना शेवटचं नेसवलं, समू. माझे हात चुकत नाहीत. आज तुझ्यावरच चुकले?" आणि तिचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

 हायाशीबाई समूला काहीतरी विचारत होत्या. समू आईकडे बघत होती. मग मीच म्हटलं, "सांग नं त्यांना. सगळं सांग. तुझी आई गेलेल्या बायांना नेसवते तेही सांग, आणि तू जाणार आहेस आणि हिला काय वाटून राहिलं तेही सांग."

समूने सांगितलं. अडखळत, मधेच नाक पुसत. हायाशीबाई उभ्याउभ्याच ऐकत होत्या. मग त्या खाली जमिनीवर बसल्या, नर्मदाच्या स्टुलापुढे, गुडघे टेकून, आणि बोलायला लागल्या. समू वाक्यावाक्याने सांगत गेली.

"त्या म्हणतात, माझी आई गेली तेव्हा मीच तिला नेसवलं. मी तेव्हा तीस वर्षं किमोनो नेसवत होते. आणि मी डावी बाजू वर घेतली. जिवंत माणसासारखी. मावशी ओरडली, अगं हे काय केलंस?"

नर्मदाने मान वर केली. "मग?"

समूने विचारलं. हायाशीबाईंना तो प्रश्न समजायला जरा वेळ लागला असावा.

"त्या म्हणतात, मग काय? सोडलं आणि पुन्हा नेसवलं."

"काही झालं नाही?"

"नाही. मावशी दोन दिवस बोलली नाही, म्हणतात."

मला हसू फुटलं. हसायची वेळ नव्हती, पण फुटलं. नर्मदाच्याही तोंडाचा कोपरा हलला, मी बघितला. मग तिने एक प्रश्न विचारला, आणि तो असा विचारला की समूला कळलं, हा नीट विचारायला पाहिजे. "विचार त्यांना, तू जाणार त्या आश्रमात कोणी म्हातारी गेली, तर तिला कोण नेसवतं?"

हायाशीबाईंनी उत्तर लांब दिलं. घरची माणसं आली तर ती असतात. पण मुलं लांब शहरात असतात, पोचायला उशीर होतो, काहींना कोणीच नसतं. मग ज्या मुली रोज त्यांना जेवू घालतात, आंघोळ घालतात, त्याच त्यांचं अंग पुसतात, केस विंचरतात, आवडीचे कपडे घालतात. हे सगळं समूने सांगितलं, आणि शेवटी हळूच म्हणाली, "म्हणजे मी, आई. वो काम मेरा होगा."

 हायाशीबाई उठल्या. मला वाटलं, आता त्या समूचा किमोनो सोडून नीट करतील. त्यांनी हात लावला नाही. दोन्ही हात पुढे करून त्यांनी नर्मदाला वाट करून दिली, तुम्ही करा, अशी.

नर्मदा उठली. पट्टा सोडला, दोरी सोडली, दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. उजवी आत घातली, डावी वर आणली. या वेळी हात चुकले नाहीत. मग सवयीने म्हणाली, "चालून दाखव." समू खोलीत चालली. "बस." बसली. "वाक." समू वाकली, ती आईच्या पायापर्यंत. हायाशीबाई पाठ फिरवून दोऱ्या गोळा करत राहिल्या.

समू स्टेजवर गेली, जपानीत आभार मानले, टाळ्या झाल्या. अण्णांनी सगळ्या पाहुण्यांना नारळ दिले, आणि हायाशीबाईंची ओटी नर्मदाने भरली. त्या दोघी निघताना एकमेकींसमोर वाकत राहिल्या. एक थांबली की दुसरी वाके. शेवटी ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

घरी परतताना तिघी एका ऑटोत बसलो. मग समू एकदम म्हणाली, "आई, मी नाही जात. मैं मना कर दूंगी." नर्मदाने तिच्या हातावर नुसती थाप मारली. मला तो गप्पपणा असह्य झाला. घर येईस्तोवर मी ऑटोवाल्या भैयाशी महागाईवर भांडत बसले, काहीतरी आवाज हवा म्हणून.

दोन दिवस खालून फक्त मशीनचा आवाज. मुदतीचा दिवस उजाडला. मी पोह्यांना फोडणी घालत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नर्मदा वर आली. हातावर एक नऊवारी, हिरवी, जुनी, धुऊन मऊ झालेली. गॅस तिनेच बंद केला.

"ताई, या इकडे. शिका."

"काय शिका?"

"नेसवायला."

 ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि साडी माझ्या हातात दिली. "समूला सांगून आली मी, हो म्हणून कळव. तिकडे फोन लावून राहिली ती. ताई, मी खूप विचार केला. तिकडे कोणाची तरी आई पडली असन, पोरगा लांब असन, आणि माझी समू तिला नेसवन. तिच्या पोराला माहीतही नसन कोण होती ती पोरगी. मग मला पण कोणीतरी नेसवनच नं?"

"कोणीतरी म्हणजे कोण?"

"तुम्ही. आणखी कोण आहे मला?"

मी पासष्ट ओलांडलेली बाई. उभ्या आयुष्यात सहावारीच्या निऱ्याही धड केल्या नाहीत, ड्रेसवर दिवस काढले. मी तिला म्हटलं, मला जमायचं नाही. म्हटलं, माझे गुडघे दुखतात. म्हटलं, सकाळी सकाळी हे काय अभद्र. ती ऐकून घेत होती आणि साडीचं टोक माझ्या बोटांत सरकवत होती. "इथून धरा. अशी कमरेभोवती. घट्ट. अजून घट्ट, मी काही मोडत नाही."

"अगं पण तू तर उभी आहेस. तेव्हा तू..." 

"उभ्याने जमलं की आडव्यानेही जमतं," ती म्हणाली. "दोन बाया घ्या मदतीला. रडणारी एकही आत ठेवू नका. तुम्ही पण रडू नका, निऱ्या दिसत नाहीत."

मी निऱ्या घ्यायला लागले. एक मोठी, एक छोटी, एक तिरकी. ती वरून बघत होती आणि हसत नव्हती, म्हणूनच मला जास्त राग आला. "नर्मदा," मी म्हटलं, "मी तुझ्याहून पुष्कळ मोठी आहे. आधी मी जाणार. हे तुझ्या डोक्यात येत नाही का?"

"येतं नं."

"मग?"

"मग राहा तुम्ही," ती म्हणाली. "माझं होईस्तोवर राहा."

माझ्या हातातल्या सगळ्या निऱ्या सुटल्या. मला इतकं भरून आलं की काही दिसेना. मला असं राहा म्हणून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आईवडलांनी नाही, कोणीच नाही.

"घ्या पहिल्यापासून," नर्मदा म्हणाली, आणि हात पसरून उभी राहिली.